देश तुम्ही सोडलात, मुलांनी नाही

परदेशात संसार मांडलेल्या मराठी आईबाबांनो, आणि इथे सांगली-साताऱ्यात, नाशिक-नागपुरात नातवंडांच्या फोनची वाट पाहणाऱ्या आजीआजोबांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. बोलणं जास्त करून अमेरिकेतल्या घरांबद्दल आहे. तिथल्या मराठी शाळेत मी शिकवलं आणि तीच घरं जवळून पाहिली. लंडन, टोरांटो, सिडनीच्या घरांनाही यातलं पुष्कळ लागू पडेल.

एक गोष्ट आधी मनाशी धरा. देश सोडायचा निर्णय तुम्ही घेतलात. चार लोकांना विचारून, हिशेब मांडून घेतलात. मुलाला कोणी विचारलं नव्हतं. ते तिथेच जन्मलं, किंवा तुमच्या कडेवर बसून विमानात चढलं. म्हणून त्या निर्णयाची किंमत त्याच्याकडून मागू नका.

मराठी येत नाही म्हणून तुम्ही त्याला बोलता. गावी गेल्यावर ते कंटाळलं की रुसता. 'आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं' असं ऐकवता. तेव्हा नकळत तीच किंमत मागणं चाललेलं असतं. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीला धरून आहे.

भाषेपासून सुरू करू. घरोघरी पहिली कुरबुर तिचीच असते.

घरात मराठी बोला. मुलाशी बोला आणि तुम्ही दोघं एकमेकांशीही बोला. मूल शाळेत जायला लागलं की कोणीतरी सांगतं, 'घरी इंग्रजी बोला, नाहीतर ते मागे पडेल.' ऐकू नका. इंग्रजी त्याला शाळेत मिळते, मैदानात मिळते, टीव्हीवर मिळते. मराठी फक्त तुमच्याकडून मिळते. दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो ही समजूत चुकीची आहे. मूल म्हणतं, 'मी स्नोमध्ये फॉल झालो.' त्याला जो शब्द हाताशी सापडला तो त्यानं वापरला. तुम्हीही 'ट्रॅफिकमध्ये अडकलो' असंच म्हणता.

थोरलं बोलतं आणि धाकटं बोलत नाही, अशी तक्रार मी फार ऐकली. यात धाकट्याचा दोष नाही. थोरलं शाळेतून इंग्रजी घरी आणतं आणि धाकटं ती त्याच्याकडून उचलतं. धाकट्याला घरात निव्वळ मराठी कधी मिळतच नाही. त्याच्यासाठी रोज थोडा वेळ वेगळा काढा. आंघोळ घालताना, झोपवताना, गाडीतून पोहण्याच्या वर्गाला नेताना. तेवढ्या वेळात फक्त तुम्ही दोघं आणि फक्त मराठी.

तुम्ही मराठीत विचारता आणि उत्तर इंग्रजीत येतं. येऊ द्या. तुम्ही मात्र मराठी सोडू नका. मुलाला समजतंय, म्हणजे भाषा आत आहे. मोठेपणी गरज पडली किंवा मनात आलं की ती बाहेर येऊ शकते. पण 'आधी मराठीत बोल' म्हणून त्याचं बोलणं मध्येच तोडू नका. कदाचित ते सांगत असतं की आज कोणी त्याला खेळायला घेतलं नाही. अशा वेळी भाषा दुय्यम आहे. आधी ऐकून घ्या.

चुकलं तर हसू नका. मराठीत तीन लिंगं आहेत, इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही. मूल 'माझा पुस्तक' म्हणणार, 'ती पाणी' म्हणणार. ते म्हणालं, 'माझा पुस्तक कुठे आहे?' तर तुम्ही म्हणा, 'तुझं पुस्तक ना? तुझं पुस्तक टेबलावर आहे.' एवढंच. बरोबर वाक्य कानावर पडलं, काम झालं. 'काका, तू कधी आलास?' असं विचारलं तर तो उद्धटपणा नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द पुरतो. त्याला बाजूला घेऊन एकदा समजावून सांगा.

हे इथल्या नातेवाइकांना जरा जास्तच निक्षून सांगायचं आहे. सुट्टीत आलेल्या मुलाला दिवाणखान्यात उभं करून 'मराठीत बोलून दाखव' म्हणू नका. त्याच्या 'ळ'ची नक्कल करू नका. तुम्ही कौतुकानं हसता, त्याला मात्र फजिती वाटते. दुसऱ्या दिवसापासून ते तोंड मिटतं आणि मग कित्येक वर्षं मराठीत बोलत नाही. अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना सगळं समजत होतं.

आणि तो प्रश्न विचारू नका, 'तुला भारत आवडतो की अमेरिका?' मूल तुमचं तोंड पाहून उत्तर देतं. एका देशाचं नाव घेतलं की आजी दुखावते, दुसऱ्याचं घेतलं की ते स्वतःशी खोटं बोलतं. त्याऐवजी विचारा, 'तुझा मित्र कोण? तुम्ही काय खेळता?'

लिहिणं-वाचणं सावकाश येऊ द्या. बोलणं टिकलं तर पुष्कळ टिकलं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी मराठी कुटुंबं तंजावरला गेली, त्यांच्या वंशजांच्या घरांत तीनशे वर्षांनंतरही मराठी बोलली जाते. बाहेर सगळं तमिळ. कोकणातले बेने इस्रायल लोक इस्रायलला गेले, त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. हे कोणाच्या सक्तीनं झालं नाही. घरात स्वयंपाक करताना, भांडताना, अंगाई म्हणताना ती भाषा चालू राहिली.

वाचायला द्यायचं तर साधनं भरपूर आहेत. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक बालभारतीनं संगणकावर मोफत ठेवले आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही तशीच मिळतात. 'स्टोरीवीव्हर'वर लहानांसाठी मराठी चित्रकथा फुकट आहेत. झोपताना एक पान वाचा. मुलाला वाचायला लावू नका, तुम्ही वाचा आणि त्याला चित्रं बघू द्या.

जवळ मराठी शाळा असेल तर मुलाला घाला. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं आणि आता गावोगावी त्याच्याशी जोडलेल्या मराठी शाळा चालतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. काही ठिकाणी अमेरिकेतल्या शाळा या अभ्यासाचे गुणही धरतात, चौकशी करा. पण त्या शाळेचा खरा उपयोग वेगळाच आहे. आपल्यासारखीच डब्यात पोळी आणणारी आणि घरी जोडे बाहेर काढणारी आणखी मुलं आहेत, हे मुलाला तिथे दिसतं. मुलांना तेवढा आधार फार मोठा असतो.

आता शाळेकडे वळू.

पहिल्या दिवशी बाईंना मुलाच्या नावाचा उच्चार नीट सांगा. चिठ्ठीवर फोडून लिहून द्या. अथर्व, शर्वरी, ज्ञानेश ही नावं त्यांना जड जातात, पण शिकवली तर येतात. मुलालाही सांगा, कोणी चुकीचं म्हटलं तर हसत दुरुस्त करायला हरकत नाही. त्याला स्वतःला सोपं टोपणनाव हवं असेल तर घेऊ द्या. तुम्ही मात्र लोकांच्या सोयीसाठी त्याचं नाव आपणहून तोडू नका.

डब्याचं तर विचारूच नका. एक दिवस मूल म्हणतं, 'मला भाजी-पोळी नको, सँडविच दे.' कोणीतरी वासावरून काहीतरी बोललेलं असतं. रागावू नका. 'आपल्या अन्नाची लाज वाटते का?' असंही विचारू नका. सँडविच द्या. रात्री घरी वरणभात आहेच. थोडं मोठं झालं, मित्र जमले, की तेच मूल पोळीची गुंडाळी करून न्यायला लागतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. अमेरिकेतल्या अनेक शाळांत शेंगदाण्यावर बंदी किंवा निर्बंध असतात. काही मुलांना त्याची भयंकर अ‍ॅलर्जी असते, जिवावर बेतू शकतं. आपलं दाण्याचं कूट खिचडीत असतं, कोशिंबिरीत असतं, भाजीत असतं, आणि आपल्याला त्याची आठवणही राहत नाही. डबा भरताना आठवा. मुलाचे मित्र घरी जेवायला येणार असतील तर त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा. चकली-चिवडा वर्गात वाटायला पाठवण्याआधी बाईंना विचारा.

दिवाळीला शाळा असेल तर एक दिवस सुट्टी घ्या आणि कारण चिठ्ठीत स्पष्ट लिहा, आजारपणाचं खोटं लिहू नका. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी मिळू लागली. आईबाप वर्षानुवर्षं मागत राहिले म्हणून ती मिळाली. सणाआधी मुलाला त्याची गोष्टही सांगा. गणपतीचं डोकं हत्तीचं का, हे वर्गात त्यालाच विचारणार आहेत, तुम्हाला नाही. तुम्हाला माहीत नसेल तर दोघांनी मिळून शोधा.

हॅलोविनला कपडे करायचे असतील तर करू द्या. नाताळात झाड हवं असेल तर आणा. दाराशी रांगोळी आणि खिडकीत तारा, दोन्ही एका घरात राहू शकतात. यावरून भांडण काढण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

शाळेत त्रास होतो तेव्हा मुलं बहुतेक वेळा घरी सांगत नाहीत. तुम्ही आधीच दमलेले असता, तुमची नोकरी, तुमचा व्हिसा, हे त्यांना दिसत असतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती गप्प बसतात. 'तुमच्या देशात परत जा' असं त्यांना कोणी म्हटलेलं असतं. म्हणून तुम्हीच विचारा. 'कसा गेला दिवस?' या प्रश्नाला 'ठीक' एवढंच उत्तर मिळतं. 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास?' असं विचारा. 'कोणाबरोबर नाही' असं उत्तर रोज यायला लागलं तर लक्ष घाला.

काही घडलं तर 'दुर्लक्ष कर' म्हणू नका. तारीख, नाव आणि बोललेले शब्द लिहून ठेवा. बाईंना ईमेल करा, तोंडी सांगून थांबू नका. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना भेटा. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, भेटायला जा. आईबाप दारात येऊन उभे राहिले, हे मुलाला आयुष्यभर आठवतं.

असा त्रास नवा नाही. १९८७ साली जर्सी सिटीत भारतीयांना मारहाण करणारी टोळी होती. बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून तिनं स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेतलं होतं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला. त्या काळात तिथे शाळेत जाणारी भारतीय मुलं आज स्वतः आईबाप आहेत. त्यांच्याशी बोला. काय उपयोगी पडलं आणि काय नाही, हे ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

दुसऱ्या बाजूनंही घर तपासा. जेवणाच्या टेबलावर काळ्या लोकांबद्दल, मेक्सिकन लोकांबद्दल तुम्ही जे बोलता ते मूल ऐकतं. उद्या वर्गात ते त्यांच्याच शेजारी बसणार असतं. जातीचंही तेच. 'आपल्यातले' आणि 'त्यांच्यातले' ही भाषा मंडळाच्या कार्यक्रमांतही ऐकू येते. २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. परक्या शहराला असा कायदा करावा लागला, याची आपल्याला खंत वाटली पाहिजे. जात सामानात बांधून नेऊ नका. मुलांना तिचा काही उपयोग नाही.

मुलं मोठी होतात तसा घोर वाढतो. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचंय, मुलामुलींनी मिळून सहलीला जायचंय, शाळेच्या शेवटच्या वर्षी प्रॉमच्या नाचाला जायचंय.

सरसकट 'आपल्यात असं चालत नाही' म्हणू नका. मुलाला 'आपल्यात' म्हणजे कोण तेच कळत नाही. कारण सांगा. 'त्या घरातल्या कोणाला मी ओळखत नाही, म्हणून मला काळजी वाटते,' हे मुलाला पटतं. मग ओळख करून घ्या. त्या आईला फोन करा. आधी त्या मुलांना आपल्याकडे बोलवा. तरीही मन होत नसेल तर मधला मार्ग काढा, दहापर्यंत खेळू द्या आणि झोपायला घरी आणा.

प्रेमात पडणं त्या वयात होतंच, ते पुण्यातही होतं. फरक एवढाच की पुण्यात तुमच्यापासून लपवलं तरी मावशी, शेजारी, मैत्रिणीची आई यांच्यापैकी कोणाला तरी कळतं. तिथे तुमच्याशिवाय मोठं माणूस नाही. तुम्ही दार लावून घेतलंत तर अडचणीत सापडलेली मुलगी कोणाकडे जाईल? म्हणून तिला एकदा स्पष्ट सांगून ठेवा, 'रात्री कितीही वाजता फोन कर. मी घ्यायला येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही.' आणि तसंच वागा.

मुलगा आणि मुलगी यांना वेगळे नियम लावू नका. मुलींच्या हे आधी लक्षात येतं आणि त्यांचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

हात उगारू नका. आपण धपाटे खाऊन वाढलो, हे कारण तिथे चालत नाही आणि चालू नये. मुलाला मारहाण होत असल्याचा संशय आला तर अमेरिकेतल्या शिक्षकांना तो कळवावाच लागतो. स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून आईबापांनी मुलाला मारणं कायद्यानं बंद आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मूल खोलीतून बाहेर येईनासं झालं, जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, तर 'वय आहे' म्हणून सोडू नका. आणि 'लोक काय म्हणतील' याचाही विचार करू नका. शाळेत समुपदेशक असतात, त्यांना भेटा. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते. हा क्रमांक मुलालाही सांगून ठेवा.

आता कागदपत्रांचं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथल्या दुर्लक्षाची शिक्षा मुलाला होते, म्हणून नीट वाचा.

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. जन्मदाखला, पासपोर्ट, शाळा, सगळीकडे. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं. भारतीय पासपोर्टवर ही दोन्ही नावं कित्येकदा एकाच रकान्यात असतात. तिथल्या कचेऱ्यांत कोणी वडिलांचं नाव मधलं धरतं, कोणी ते मुलाच्याच नावाचा भाग समजतं. एकदा ठरवा आणि तसंच लिहीत राहा.

लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते, साधारण पाच वर्षं. तिकीट काढायच्या आधी ती पाहा.

मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर त्याचं ओसीआय कार्ड काढा. पण ते म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. या कार्डावर मूल आयुष्यभर भारतात येऊ-जाऊ शकतं, राहू शकतं. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र मिळू शकते. गावी सातबारावर वारसनोंद करायची असेल तर हे लक्षात ठेवा. मूल वीस वर्षांचं होईपर्यंत नवा पासपोर्ट आला की त्याची माहिती ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावी लागते. विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट आला की कार्डही एकदा नवं करून घ्यावं लागतं.

मूल भारतात जन्मलं असेल आणि तुमच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून एच-४वर अमेरिकेत राहत असेल, तर अधिक सावध राहा. ग्रीन कार्डाची वाटणी देशवार मर्यादेनं होते, एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. भारतीयांची रांग त्यामुळे फार लांब आहे. तुमचा नंबर लागायच्या आत मूल २१ वर्षांचं झालं, तर ते तुमच्यावर अवलंबून राहू शकत नाही. मग त्याला विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा काढावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. तिसऱ्या वर्षी तिथे आलेलं, त्याच शाळांत वाढलेलं मूल, आणि त्याच्यावर ही वेळ येते. वयाचा हिशेब कसा करायचा याचा एक कायदा २००२ मध्ये झाला आहे, त्यानं काहींना दिलासा मिळतो. तुमच्या मुलाला मिळतो का, हे वकिलाला विचारा. मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आधी विचारा.

आणि हे मुलाला सांगा. चौदा-पंधराव्या वर्षीच सांगा. सोळाव्या वर्षी त्याचे मित्र सुट्टीत आइसक्रीमच्या दुकानात काम करतील, त्याला करता येणार नाही. कॉलेजसाठी मित्रांना केंद्र सरकारची मदत मिळेल, त्याला मिळणार नाही. त्याला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. आईबाप काळजीपोटी लपवतात आणि एक दिवस मुलाला एखाद्या अर्जाच्या रकान्यातून कळतं. तसं होऊ देऊ नका. सगळी कागदं टेबलावर मांडून त्याच्याबरोबर बसा. तेव्हाच त्याला पर्याय शोधायला वेळ मिळतो.

परत यायचं मनात असेल तर शक्यतो मूल लहान असताना या. आठवी-नववीतल्या मुलाला उपटून आणणं त्याच्यावर फार जड जातं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या शिक्षण मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. शाळेत प्रवेश घेताना हे विचारून घ्या आणि निदान वर्षभर आधी मुलाची अक्षरओळख सुरू करा. परदेशी पासपोर्टच्या मुलांना डॉक्टरी-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे नियम वेगळे लागू शकतात, तेही आधीच पाहा. आल्यावर 'आता तू आपल्या घरी आलास' असं म्हणू नका. तुम्ही घरी आलात. ते आपलं घर सोडून आलं आहे. त्याला रडू द्या.

आजीआजोबांनो, तुमच्या हातात पुष्कळ आहे. फोनवर 'जेवलास का, अभ्यास झाला का' एवढ्यावर मूल दोन मिनिटांत पळतं. त्याच्याबरोबर काहीतरी करा. बुद्धिबळ खेळा. 'किशोर'मधली गोष्ट रोज थोडी थोडी वाचून दाखवा आणि ऐन रंगात आल्यावर थांबा. आमटी कशी करायची ते कॅमेऱ्यासमोर शिकवा. तुमचा मुलगा लहानपणी किती वेळा पडला, कोणत्या विषयात नापास झाला, ते सांगा. नातवंडांना आपले आईबाप कधी लहान होते हे ऐकायला फार आवडतं. चुलत-मावस भावंडांशी तुलना करू नका. 'तुमच्या अमेरिकेत' हा शब्दप्रयोग सोडून द्या.

राहिलं एक, आणि मला ते सगळ्यांत मोठं वाटतं. तुम्ही देश का सोडलात, ते मुलाला सांगा.

बहुतेक घरांत हे कधी बोललंच जात नाही. मूल स्वतःच कारण शोधतं आणि बऱ्याचदा ते त्याला असं सापडतं, की हे सगळं आपल्यासाठी केलं, म्हणून आता आपण ते फेडायचं. त्या ओझ्याखाली ते नको असलेलं शिक्षण घेतं, नको असलेली नोकरी करतं. काही मुलं ते ओझं झुगारून फोन करणंच बंद करतात.

म्हणून खरं कारण सांगा. पगार जास्त होता म्हणून गेलात, तर तसं सांगा. बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं, सांगा. कंपनीनं दोन वर्षांसाठी पाठवलं आणि राहूनच गेलात, सांगा. एकत्र घरात जीव घुसमटत होता, तेही सांगा. आईच्या शेवटच्या आजारपणात पोचता आलं नाही, ते आजही सलतं, हे सांगायला लाजू नका. 'तुझ्यासाठी आलो' हे खरं नसेल तर म्हणू नका. खरं असलं, तरी त्यापुढे लगेच हे म्हणा, 'पण तो आमचा निर्णय होता. तू आमचं काही देणं लागत नाहीस.'

मग ते विचारेल त्या प्रश्नांची उत्तरं द्या. इंग्रजीत विचारलं तरी द्या. मूल दहा वर्षांचं झालं असेल तर हे ऐकण्याइतकं मोठं झालं आहे. या शनिवारीच बोला.